गुण कमी करून मिळावेत

साहेब, तुम्ही रस्ता ढापलात. विद्यापीठाच्या फाटकासमोर जिथे पांढरे पट्टे आणि गतिरोधक व्हायचे होते, ती जागा तुम्ही चौकटीत बसवलीत, वर काच लावलीत आणि आपल्या केबिनच्या भिंतीला टांगलीत. चौकटीत लिहिलंय, 'सर्वाधिक जागरूक विद्यार्थी'. खाली सही, शिक्का आणि कोपऱ्यात सोनेरी फीत. पाहुणा आला की तुम्ही त्याची खुर्ची अशी सरकवता की त्याची नजर नेमकी तिथेच जावी. तो म्हणतो, "वा!" आणि तुम्ही म्हणता, "छे हो, मुलांचंच श्रेय." पण ते प्रमाणपत्र ज्या माणसाच्या चुकीतून आलं, त्या माणसाची हकिगत तुमच्या तोंडून एकाही पाहुण्याने ऐकलेली नाही.

त्या माणसाला सगळे सीलबंदकाका म्हणतात. परीक्षा विभागात सव्वीस वर्षं प्रश्नपत्रिकांच्या गठ्ठ्यांवर लाख ओतून शिक्का मारायचं काम. उजव्या अंगठ्यावर लाखेचा लालसर डाग कायमचा. घरी साखरेचा डबा उघडला तरी झाकण आधी कोणी उघडलंय का, हे ते बघणार. बायको म्हणते, "यांचं चाललं असतं तर यांनी मलासुद्धा सील करून ठेवलं असतं आणि परीक्षेच्या दिवशी साक्षीदारांसमोर उघडलं असतं." या सव्वीस वर्षांत एक पेपर फुटला नाही. हे वाक्य काका कुठेही घालतात. बँकेत घालतात, न्हाव्याकडे घालतात, एकदा तर दाढ काढताना तोंडात कापूस असताना घातलं होतं.

तर फाटकासमोरचा रस्ता. रुंद, सरळ, आणि सरळ असल्यामुळेच वाईट. ट्रक, टेम्पो, बस, सगळे तिथे येऊनच जिवाची हौस भागवून घेतात. गेल्या सत्रात पहिल्या वर्षाच्या एका मुलीला टेम्पोने उडवलं. पाय दोन ठिकाणी मोडला, अजून कुबड्यांवर वर्गात येते. सीलबंदकाकांची स्वतःची मुलगी दुसऱ्या वर्षाला. तिचा तास सव्वादहाला, आणि काकांच्या टेबलाची खिडकी इमारतीच्या मागच्या बाजूला. म्हणजे रस्ता दिसत नाही, पण ऐकू सगळं येतं. दहाच्या पुढे ब्रेक किंचाळला की काकांची लेखणी थांबायची. मग मुलगी व्हरांड्यातून डोकावून "बाबा, आले" म्हणायची, तेव्हा पुढचं अक्षर उमटायचं. काकांच्या नोंदवहीत दहा ते सव्वादहाच्या मधल्या सगळ्या ओळी वाकड्या आहेत.

अपघातानंतर विद्यापीठाने रस्ते विभागाला पत्र लिहिलं: पट्टे मारा, गतिरोधक घाला. रस्ते विभागाने उत्तर दिलं: घालू, पण जिथे गरज जास्त तिथे आधी. तुमच्या विद्यार्थ्यांना वाहतुकीचे नियम किती माहीत आहेत आणि ते कितपत पाळतात, याची पाहणी करून पाठवा.

साहेब, ते पत्र तुम्ही दोन बोटांत धरून सीलबंदकाकांच्या टेबलावर सोडलंत. "तुमच्याकडे कागद आहे, माणसं आहेत. उरकून टाका."

आता पाहणी म्हणजे काय, हे जगाला माहीत आहे. लोकांना नाव न विचारता चार प्रश्न विचारायचे, खरं काय ते ऐकून घ्यायचं आणि गप्प बसायचं. पण परीक्षा विभागात कागदावर प्रश्न छापला की ती परीक्षाच असते. दुसरं काही असू शकतं, ही कल्पनाच त्या इमारतीत शिरलेली नाही. काकांनी पंचवीस प्रश्न काढले, प्रत्येकी दोन गुण. बैठक क्रमांक दिले. वर्गावर्गात पर्यवेक्षक नेमले, घंटा नेमली, गठ्ठ्यांना लाख लावली. आणि एक उत्तरसूची तयार करून तिलाही सील केलं.

चौदावा प्रश्न असा होता: 'दुचाकी चालवताना आपण हेल्मेट घालता का? (अ) नेहमी (आ) बहुधा (इ) कधीतरी (ई) कधीच नाही.' उत्तरसूचीत लिहिलं होतं: अ. दोन गुण.

मधल्या बाकावरचा एक पोरगा उठून उभा राहिला. "काका, एक शंका. खरं लिहायचं की बरोबर?"

काका चष्म्यावरून बघत म्हणाले, "परीक्षेत बोलायचं नाही. बरोबर लिहा."

वर्गाने मान डोलावली आणि बरोबर लिहिलं. ज्यांना सुचत नव्हतं त्यांनी शेजाऱ्याचं बघून आपण हेल्मेट घालतो की नाही ते लिहिलं.

निकाल लागला अठ्ठ्याण्णव टक्के. काकांनी गुणवत्ता यादी लावली. पन्नासपैकी पन्नास मिळवणारा पहिला आला. त्याला कोणता पट्टा पिवळा, कोणता सलग, कोणती पाटी त्रिकोणी, कोणती गोल, सगळं पाठ. काकांची छाती फुगली ती फुगलीच. पोरं हुशार आहेत हो, ते बायकोला म्हणाले, उगाच नावं ठेवतात लोक. बायको म्हणाली, "तुम्ही भाजी आणायला जाता तेव्हा लाल दिव्याला थांबता का?" काका म्हणाले, "मी परीक्षेला बसलेलो नाही."

पंधरा दिवसांनी रस्ते विभागाचं पत्र आलं. आपल्या विद्यार्थ्यांची जागरूकता वाखाणण्याजोगी आहे. सबब आपल्या फाटकासमोर पट्टे व गतिरोधकाची आवश्यकता दिसून येत नाही. सोबत प्रमाणपत्र.

गावाबाहेरच्या एका तंत्रशाळेला एकेचाळीस टक्के मिळाले होते. पट्टे तिकडे गेले. तुम्हाला पोहता येतं ना, मग पूल कशाला, असा तो न्याय. साहेब, तुम्हाला मात्र आनंद झाला. चौकट करणाऱ्याला त्याच दिवशी बोलावणं गेलं.

सीलबंदकाकांनी पत्र हातात घेऊन पुन्हा वाचलं. मग रस्त्यावरून ब्रेक किंचाळल्याचा आवाज आला आणि पत्र खाली पडलं. सव्वीस वर्षांत एक पेपर फुटला नाही, पण हा पेपर न फुटताच त्यांनी आपल्या हाताने रस्ता घालवला होता.

संध्याकाळी घरी वरच्या मजल्यावरचे निवृत्त पोस्टमास्तर सल्ला द्यायला खाली उतरले. ते सल्ला देतात तेव्हा चप्पल काढत नाहीत, म्हणजे पटलं नाही तर लगेच निघता येतं. "प्रश्न कठीण काढा," ते म्हणाले. "इतके कठीण की निम्मे आडवे झाले पाहिजेत."

"अहो, त्यांना येतं सगळं. येतं तसं वागतात का, हा प्रश्न आहे."

"मग वेशांतर करून उभे राहा. काळा चष्मा लावा. आमच्या काळात एक निरीक्षक भिकारी बनून आला होता. त्याला आम्ही चहा पाजला, मग त्याने आम्हाला मेमो दिला."

वेशांतर काकांच्या शिस्तीत बसणारं नव्हतं. त्यांनी उघड फेरपरीक्षा घ्यायचं ठरवलं. दुसऱ्या दिवशी फाटकाशी स्टूल टाकलं, नोंदवहीत रकाने आखले, डोक्यावर आपलं जुनं हेल्मेट चढवलं, कारण परीक्षकाने आदर्श असलं पाहिजे, आणि नऊ वाजता मोजायला सुरुवात केली.

पहिल्या तासात दुचाकीवरून आलेला प्रत्येक जण हेल्मेट घालून आला. शंभर टक्के! काकांना आधी गहिवरून आलं, मग शंका आली. परीक्षा विभागाचा माणूस वही घेऊन फाटकात बसलाय म्हणजे हॉलतिकिटं अडवणार, अशी आवई उठली होती, हे त्यांना नंतर कळलं. पण कॉपी पकडण्यात ज्याची सव्वीस वर्षं गेली, त्या डोळ्याला सांगावं लागत नाही. एक निळं हेल्मेट, मागे पोपटाचं चित्र. ते नवव्यांदा आत जाताना दिसलं तेव्हा काका उठले. कुंपणाच्या मागे गेले आणि बघतात तर काय, आत आलेलं हेल्मेट भिंतीवरून बाहेर फेकलं जात होतं, बाहेर एक जण झेलत होता आणि पुढच्याच्या डोक्यावर ठेवत होता. झेल इतके सफाईदार की काकांना क्षणभर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. त्यांनी तिथेच उभं राहून मोजलं. फेकाफेकीत एकूण सतरा हेल्मेटं होती. सतरा हेल्मेटांवर सगळं विद्यापीठ सुरक्षित होतं.

झेल घेणारा दुसरातिसरा कोणी नव्हता, गुणवत्ता यादीतला पहिलाच होता.

"हे कोणाचं?" काका गरजले.

"सगळ्यांचं, काका."

"लाज नाही वाटत? पन्नासपैकी पन्नास मिळवलेत तुम्ही!"

पहिला खाली मान घालून ऐकत होता. मग हळूच म्हणाला, "काका, रागावू नका, पण तुमचा पट्टा लोंबतोय."

काकांनी हनुवटीला हात लावला. पट्टा कानामागे लोंबत होता. अकरा वर्षं लोंबत होता, कारण अकरा वर्षांपूर्वी त्याची कडी तुटली होती, आणि काकांच्या मते हेल्मेट डोक्यावर असतं, हनुवटीवर नसतं. सोळाव्या प्रश्नाचं उत्तर त्यांनीच उत्तरसूचीत लिहिलं होतं: 'न बांधलेले हेल्मेट घातलेले धरले जाणार नाही.' फेकाफेकी थांबली होती. भिंतीच्या दोन्ही बाजूंनी पोरं बघत होती. काकांनी वही बंद केली, स्टूल बगलेत मारलं आणि ताठ मानेने कचेरीत गेले. मान ताठच होती, पण हेल्मेट मात्र वाटेतच घसरून डोळ्यांवर आलं.

रात्री जेवताना त्यांचा बांध फुटला. मुलीला सगळं सांगितलं. पट्टे का गेले, अठ्ठ्याण्णव टक्क्यांनी कसा घात केला, आणि आता कमी टक्के दाखवल्याशिवाय गत्यंतर नाही.

"म्हणजे आम्ही नापास झालो तर पट्टे मिळतील?" मुलीने विचारलं.

"तसंच काहीसं."

ते 'काहीसं' मुलीने तिथेच गाळलं आणि उरलेलं फोनवरून सगळ्या वर्गांना कळवलं.

दुसऱ्या दिवशी नऊ वाजता सीलबंदकाका फाटकाशी बसले आणि त्यांना एकाही डोक्यावर हेल्मेट दिसलं नाही. जी पोरं इमानाने रोज घालायची, त्यांनीही फाटकापाशी काढून पिशवीत कोंबलं. एका गाडीवरून चौघे आले. "काका, लिहा! चौघे!" एक पोरगी दोन्ही कानांना दोन फोन लावून रस्ता ओलांडत होती. एकाने तर डोळे मिटले आणि दोन्ही हात पसरून तो भर रस्त्यात चालू लागला. काका उठून धावले. स्टूल आडवं पडलं, वही उडाली, एका बसवाल्याने शिव्यांची लाखोली वाहिली. काकांनी पोराला दंडाला धरून ओढत बाजूला आणलं.

"मरायचंय का गाढवा?"

"तुमच्यासाठी काका! नापास करा ना मला!"

काकांना हसावं की थोबाडीत द्यावी कळेना. पोरांचा जीव त्यांच्यावर होता, त्यांच्या रस्त्यावर होता, फक्त स्वतःच्या मानेवर नव्हता. त्या दिवशीच्या वहीत शून्य टक्के होते, आणि हे शून्यसुद्धा अठ्ठ्याण्णवाइतकंच खोटं होतं. खोट्या आकड्यावर सही करायची असती तर आधीचा काय वाईट होता?

त्या संध्याकाळी ते हेल्मेटची कडी बसवायला फाटकासमोरच्या शिंप्याकडे गेले. शिंपी जाड सुई ओढत ऐकत होता.

"सीलबंदकाका, तुम्ही माप घ्यायला चुकलात," तो म्हणाला. "टेप हातात दिसली की गिऱ्हाईक पोट आत घेतं. हो, सगळेच. तुम्ही पण घेता, गेल्या वेळच्या विजारीला घेतलंत. मग घरी जाऊन बसतात आणि बटण तुटतं. शिवी मला."

"मग तू काय करतोस?"

"गिऱ्हाईक दारातून आत येतानाच डोळ्याने माप घेतो. टेप नुसती मन राखायला." त्याने दाताने दोरा तोडला. "या उद्यापासून. मशीनच्या मागे बसा. माझी खिडकी रस्त्यावरच आहे."

सहा दिवस काका रजा टाकून दुकानात बसले. टांगलेल्या कोटांच्या मागे, गुडघ्यांवर वही. गिऱ्हाइकांना वाटलं शिंप्याने हिशेबनीस ठेवलाय. एका बाईंनी त्यांना बाह्या आखूड झाल्याबद्दल चांगलंच झापलं आणि काकांनी 'बघतो' म्हणून ऐकून घेतलं. काही झालं तरी वही सोडली नाही. फाटकात स्टूल दिसेना, तेव्हा पोरं पुन्हा होती तशी झाली, आणि काका होतं तसं लिहीत गेले.

दुचाकीवरून आलेले आठशे बेचाळीस. त्यांतले डोक्यावर हेल्मेट असलेले दोनशे त्रेसष्ट. पट्टा बांधलेले सत्त्याण्णव. कोपरात अडकवलेली, आरशावर टांगलेली, मागे बसलेल्याच्या मांडीवर सुखरूप ठेवलेली हेल्मेटं वेगळ्या रकान्यात. खांदा आणि कान यांत फोन दाबून मान तिरकी करून चालवणारे एक्क्याण्णव. पायी ओलांडताना दोन्हीकडे बघणारे पाचांत एक. आणि तळाला, वेगळ्या शाईत, एक ओळ: 'परीक्षा विभाग, वरिष्ठ लिपिक, वय चोपन्न, पट्टा न बांधणारा, अकरा वर्षे.' त्या ओळीचं अक्षर मात्र सरळ आलं.

खाली सही केली, पूर्ण सही, आद्याक्षरं नव्हे. वहीला लाख लावायला गेले आणि थांबले. ही वही बंद करायची नव्हती.

साहेब, तुम्ही वही उघडी बघितलीत आणि कपाळाला आठ्या घातल्यात. "एका परीक्षेचे दोन निकाल?"

"साहेब, पहिला पाठांतराचा. हा वागण्याचा."

"आणि कुठे बसून मोजलंत म्हणालात?"

"शिंप्याकडे."

"शिंप्याकडे!" तुम्ही हसलात. "हे बघा, निकाल जाहीर झालाय, वर गेलाय, वाखाणला गेलाय. जाहीर झालेले गुण बदलत नाहीत. विद्यार्थ्याने स्वतः फेरतपासणीचा अर्ज केला तरच उत्तरपत्रिका उघडते. तुम्हाला मी नियम सांगायचे का?"

तुम्ही खुर्ची फिरवलीत. काकांनी वही उचलली.

काका घरी आले. बायकोने पाणी ठेवलं. मुलीने विचारलं, "काय म्हणाले?"

"विद्यार्थ्याचा अर्ज पाहिजे म्हणाले. फेरतपासणीचा."

"मग करू की."

"अगं, फेरतपासणी गुण वाढवायला असते."

"असं लिहिलंय का नियमात?"

सव्वीस वर्षं तो नियम काकांना तोंडपाठ होता. त्यांनी तो मनात पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला, पुन्हा एकदा म्हटला. 'वाढवून मिळण्यासाठी' हे शब्द त्यात कुठेच नव्हते. ते लिहायची गरज कधी कोणाला वाटलीच नव्हती. आपले गुण कमी करा म्हणणारा प्राणी नियम लिहिणाऱ्याच्या स्वप्नातही आला नसणार.

"नाही लिहिलेलं," ते हळू म्हणाले.

सोमवारी अर्जखिडकी उघडली तेव्हा पहिल्या नंबरावर पहिला उभा होता. पन्नासपैकी पन्नासवाला. त्याचा अर्ज: 'प्रश्न चौदा. मी "नेहमी" लिहिले. खरे उत्तर "कधीतरी", ते पण पाऊस असला तर. माझे दोन गुण कमी करून मिळावेत.' काकांनी शिक्का मारला आणि पोच दिली. पोच देताना त्याच्याकडे बघितलं. पोराचे कान लाल झाले होते, पण तो मागे हटला नाही.

"पहिला नंबर जाईल तुझा," काका म्हणाले.

"जाऊ दे, काका. तिथून रोज जायचंय."

त्याच्या मागे कुबड्यांवरची मुलगी होती. ती म्हणाली, "माझं दोन्हीकडे बघायचं राहिलं होतं त्या दिवशी. टेम्पोचीही चूक होती, पण माझं राहिलं होतं. मी 'दोन्हीकडे बघते' लिहिलंय, ते खोडा." काकांनी तिला खुर्ची दिली. तिने घेतली नाही. रांगेत उभी राहिल्याशिवाय अर्ज खरा वाटणार नाही म्हणाली.

रांग व्हरांड्यातून जिन्यावर, जिन्यावरून अंगणात गेली. दुपारी काकांच्या हातात एक अर्ज आला. ते अक्षर ओळखीचं होतं. 'मी रस्ता ओलांडताना फोन बघते. माझ्या वडिलांना माहीत नाही. आता कळेल. दोन गुण कमी करावेत.' काकांनी मान वर केली. मुलगी खिडकीच्या जाळीपलीकडे उभी होती.

"घरी बोलू," ते म्हणाले.

"घरी बोला, बाबा. इथे पोच द्या."

त्यांनी पोच दिली.

तीन दिवसांत सहाशे चौदा अर्ज आले. बहाणा किंवा रडगाणं एकाही अर्जात नव्हतं. सव्वीस वर्षांत काकांनी त्या खिडकीत पोरांच्या आया रडताना पाहिल्या, बाप दमदाटी करताना पाहिले, अर्ध्या गुणासाठी माणसं जमिनीवर बसलेली पाहिली. आपले गुण काढून घ्या म्हणणारी रांग त्यांनी पहिल्यांदा पाहिली. शेवटचा शिक्का मारल्यावर ते खुर्चीत मागे टेकले आणि बायकोला फोन केला.

"काय हो, बरं आहे ना?"

"बरंय," काका म्हणाले. "आपल्या पोरांनी आज पहिल्यांदा खरं उत्तर लिहिलं." आणि मग उगाच म्हणाले, "भाजी काय आणू?"

साहेब, ते सहाशे चौदा अर्ज तुमच्या टेबलावर आहेत. फेरतपासणीच्या अर्जाला तीस दिवसांत लेखी उत्तर द्यायचं, हा नियम तुमचाच आहे. आज चव्वेचाळिसावा दिवस आहे. फाटकासमोर अजून पट्टा नाही. दहा ते सव्वादहाच्या मधे कागदावरची अक्षरं अजून वाकडी येतात. पोरांनी आपली चूक सहीनिशी कबूल केली, एका लिपिकाने आपली अकरा वर्षं लिहून दिली, आणि तुम्हाला एक आकडा खाली आणवत नाही? गुण कमी करताय की नाही, तेवढं सांगा. लेखी सांगा.